तेलवण झालेले

सरकारी फॉर्मवर छापलेलं असायचं, ‘विवाहित / अविवाहित (लागू नसेल ते खोडावे)’. आमच्या कचेरीतले एक जुने कारकून दोन्ही खोडायचे. मग वरच्या बोटभर मोकळ्या जागेत बारीक, सुवाच्य अक्षरात लिहायचे, ‘तेलवण झालेले’.

मला नोकरीला लागून नऊ दिवस झाले होते तेव्हा त्यांचा एक फॉर्म टाइप करायला माझ्याकडे आला. मी नांदेडची, बावीस वर्षांची, टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ असेल असं समजून मी ‘अविवाहित’ टाइप केलं आणि कागद पुढं सरकवला. थोड्या वेळानं ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“बाई, तुम्ही मला किती दिवसांपासून ओळखता?”

“नऊ.”

“नऊ दिवसांत तुम्ही माझं निम्मं लग्न मोडलंत. पस्तीस वर्षांत माझ्या भावकीला जमलं नव्हतं.”

मी कागद फाडला आणि त्यांनी सांगितलं तसं टाइप करून दिलं. शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होता. मागाहून त्यानं मला सांगितलं की यांना सगळे नवरदेव म्हणतात, तोंडावर नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमची कचेरी कोणती ते सांगत नाही. आता तिथं दुसरी माणसं बसतात, त्यांना उगाच ताप नको. वाटणीत जुन्या जिल्ह्यानं आम्हाला काय दिलं, तर तीन पायांची टेबलं, किल्ल्या हरवलेली कपाटं, आणि हे. थोरला भाऊ वाटणीत मारका बैल धाकट्याच्या गळ्यात बांधतो तसं त्यांना पाठवलंय, असं शिपाई म्हणायचा. त्यात पाठोपाठ दुष्काळ. कचेरीचा माठ टँकर आला तर भरायचा, नाहीतर त्यावर झाकण ठेवून आम्ही त्याच्याकडं बघत बसायचो. साहेबांच्या खुर्चीमागं नव्या जिल्ह्याचा नकाशा होता आणि टँकर जाईल त्या गावावर एक टाचणी टोचायची असा हुकूम होता. उन्हाळा चढला तशा टाचण्या संपल्या. शेवटच्या टाचण्या नवरदेवांच्या टेबलावरच्या पितळी वाटीतून गेल्या. वाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

दिसायला ते उंच, काटकुळे. डोक्यावरचे केस करडईच्या धसकटासारखे उभे, कारण केसांना तेलाचा थेंब लावायचे नाहीत. खिशात कायम अडकित्ता. त्याच्या टोकाला एक लिंबू खोचलेलं, इतकं वाळलेलं की मला आधी ती सुपारीच वाटली. ते पान खात नव्हते. अडकित्त्यानं दोरा तोडायचे, लाखेचं सील फोडायचे, आणि तालुक्याला जायचं असेल तर एस.टी. गावाची वेस ओलांडताना तो हातात घट्ट धरायचे. कंडक्टर लोक त्यांना ओळखत होते. “नवरदेव आले, पुढची शीट द्या,” असं म्हणायचे आणि ते ती घ्यायचेही.

हे सगळं कशासाठी, ते समजायला तेलवण म्हणजे काय ते माहीत पाहिजे. मला नव्हतं. आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच हळद-तेल सगळं सुटलं होतं. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, झालं लग्न. तर लग्नाच्या आदल्या दिवशी पाच सुवासिनी आंब्याच्या पानानं नवरदेवाला तेल लावतात. पावलापासून सुरू करून गुडघे, खांदे, डोकं, असं ते चढवायचं. त्याच वाटीतलं उरलेलं तेल नवरीकडं पाठवायचं, तिला तिकडं तेच चढवायचं. दुसऱ्या दिवशी पाच जणींनीच ते डोक्याकडून पायाकडं उतरवायचं आणि न्हाऊ घालायचं. चढवल्यापासून उतरवेपर्यंत तो माणूस मुलगाही नसतो आणि नवराही नसतो. त्यानं वेस ओलांडू नये, ओलांडलीच तर हातात लोखंड धरावं. ही सगळी माहिती मला त्यांनीच दिली. फक्त त्यांच्या बाबतीत या मधल्या मुक्कामाला पस्तीस वर्षं झाली होती.

हकीकत त्यांनी मला एका दुपारी चहा पिताना सांगितली, दुसऱ्या कुणाची फाइल वाचून दाखवावी अशा आवाजात. त्यांचं गाव उदगीरकडचं, मुलीचं देगलूरकडचं. पोलीस ॲक्शनच्या साली, उन्हाळ्यात, लग्न ठरलं. रझाकारांमुळं मुलूख सगळा धास्तावलेला होता. यांना तेल चढवलं आणि गावचा न्हावी उरलेल्या तेलाची वाटी घेऊन मुलीच्या गावी गेला. तिला तेल चढलं. सकाळी गावाबाहेर धुळीचा लोट उठला. कोणीतरी ओरडलं, ‘आले, आले!’ अर्ध्या तासात लोकांनी गाड्या जुंपल्या आणि सगळा गाव नेसत्या कपड्यांनिशी पांगला. न्हावी कडब्याच्या गंजीत लपला होता. त्यानं धूळ जवळ येताना पाहिली. ती मेंढरं होती.

“मग?”

“मग काय. तो रिकामी वाटी घेऊन परत आला. ते लोक नाही आले. मी दोन वर्षं फिरलो, बाई. ह्या पाहुण्याकडून त्या पाहुण्याकडं गेले असं कळायचं. शेवटी कळालं की किनवटच्या जंगलाकडं गेले. पुढं खबर नाही.”

“आणि तुमचं तेल?”

“तसंच आहे.”

“म्हणजे पस्तीस वर्षं आंघोळ...”

“आंघोळ रोज करतो, बाई. तेल साबणानं जातं. तेलवण जात नाही.”

घरच्यांनी पाच बायका बसवून ते उतरवायचा घाट पुष्कळदा घातला होता. हे बसले नाहीत. दुसऱ्या मुली सांगून आल्या तर ‘तेलावर तेल चढत नाही’ म्हणून परत पाठवल्या. मी तरुण होते, मला राग आला. मी म्हणाले, अहो, सरळ अविवाहित लिहा आणि मोकळे व्हा. त्यावर ते जे बोलले ते मला अजून पाठ आहे. “मी इकडं कागदावर अविवाहित लिहिलं, अन् ती तिकडं तेल घेऊन बसलेली असली तर? तिला सरकारी दप्तरात खोटं पाडल्यासारखं होईल. तिचं उतरलंय एवढं मला कळू द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं सही करतो.”

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने राहिले होते आणि पेन्शनच्या कचेरीनं त्यांचे कागद दुसऱ्यांदा परत पाठवले होते. आक्षेप असा होता: ‘तेलवण झालेले ही वर्गवारी कोणत्या शासकीय प्रकाशनात आहे, पानाच्या उल्लेखासह कळवावे.’ दुसरा कोणी असता तर वाकला असता. यांना आनंद झाला. इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी कामाचा प्रश्न विचारला, असं म्हणाले.

योग असा की नव्या जिल्ह्याची माहिती-पुस्तिका काढायचं काम आमच्याच कचेरीकडं होतं. शेवटी स्थानिक शब्दांची यादी, शब्दापुढं एक ओळ. नवरदेवांनी ती यादी मागून घेतली. ‘अ’पासून ‘ढ’पर्यंत पंधरा दिवसांत केली. ‘तेरणा’ नदी एका दुपारी उरकली. मग ‘तेलवण’ आला आणि नव्या जिल्ह्याची पुस्तिका तिथं बसली. मंत्र्यांचा दौरा ठरला, छापखान्याचे दोन निरोप आले, पुस्तिका जागची हलेना.

“एक ओळ लिहायची आहे!” साहेब म्हणायचे. साहेब तरुण होते, पुण्याकडचे, कपाळावर हात मारायची त्यांना नवीनच सवय लागली होती.

“मायने कळल्याशिवाय लिहू कशी, साहेब? शब्द आला कुठून तेच ठरत नाही.”

खरंच ठरत नव्हतं. ते भेटेल त्याला विचारायचे आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून करडई तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. एका भटजीबुवांनी ‘तैलवर्ण’ असं संस्कृत काढून दिलं, आणि दक्षिणा मागितली. आडत दुकानातला मुनीम म्हणाला, तेल अधिक वाण, लग्नातलं द्यायचं-घ्यायचं. बसस्टँडवरचा न्हावी म्हणाला, वण म्हणजे डाग, लग्नाचा डाग तो, जन्मभर जात नाही. निलंग्याकडच्या शिपायाची बायको कानडी. ती म्हणाली, आमच्याकडं याला एण्णे-शास्त्र म्हणतात, तुमच्या शब्दाचं तुम्ही बघा. एक निवृत्त उर्दू मास्तर होते, त्यांनी तर हातच झटकले. “अजी, हमारे में भी तेल चढ़ाते, मगर चढ़ाके भूल जाते.” तीही चिठ्ठी डब्यात गेली.

एक दिवस मला विचारलं. मी म्हणाले, आमच्यात नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, “सोडलं तेव्हा तुमच्या आजी काय म्हणाल्या?” मला कुठं ठाऊक. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला विचारलं. आई म्हणाली, आजी म्हणाली होती, बरं झालं. तेल एक वेळ मिळायचं, ते धुवायला पाणी कोण भरू देत होतं? मी हे जसंच्या तसं त्यांना सांगितलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली, वाचली, आणि त्या दिवशी आणखी कोणालाच काही विचारलं नाही.

चिठ्ठ्यांनी भागेना तेव्हा त्यांनी परिपत्रक काढलं. मसुदा त्यांचा, टायपिंग माझं, आणि सही साहेबांची, टँकरच्या पन्नास कागदांत मिसळून घेतलेली. ‘आपल्या गावी तेलवणाची पद्धत कशी आहे, त्यास किती सुवासिनी लागतात व तेल किती लागते, याची माहिती आठ दिवसांत सादर करावी.’ प्रती सगळ्या तालुक्यांना. त्याखाली त्यांनी शाईनं एक ओळ वाढवली: ‘प्रत माहितीस्तव, शेजारील नांदेड जिल्ह्यातील सर्व गावे.’

“हे आपल्या जिल्ह्याबाहेरचं आहे,” मी म्हणाले.

“तेलाला जिल्हा नसतो, बाई. टाइप करा.”

दुष्काळात सरकारी कागद गावात कसा वाचला जातो हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या वर्षात सरकारनं जनावरं मोजली की मागून चारा यायचा. पोरं मोजली की सुकडी यायची. आता सरकार सुवासिनी मोजत होतं आणि तेल किती लागतं म्हणून विचारत होतं. याचा अर्थ गावोगाव एकच लागला. उत्तरांच्या थैल्या येऊन पडायला लागल्या. पद्धत कुणीच लिहिली नव्हती. सुवासिनींचे आकडे आणि तेलाचे डबे मात्र सगळ्यांनी कळवले होते. एका ग्रामपंचायतीनं विधवांनाही सामील करून घ्यावं असा ठराव केला होता, आणि तो मला पटला. एका सरपंचानं गावातल्या नवरदेवांची यादी जोडली होती. त्यात पहिलं नाव त्याचं स्वतःचं होतं. शिपाई त्याला ओळखत होता, त्याला तीन नातवंडं होती.

सोमवारी सकाळी कचेरीच्या आवारात बायका बसलेल्या होत्या. शंभर तरी असतील. प्रत्येकीच्या मांडीवर रिकामा डबा. कोणी पहाटेच्या गाडीनं आलेली, कोणी खडी फोडायच्या कामावर खाडा करून चालत आलेली. साहेबांनी खिडकीतून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि आतून कडी लावली. नवरदेव बाहेर गेले. मी मागून गेले, कारण टाइप मीच केलं होतं.

ते पायरीवर उभे राहून म्हणाले, “मायबाप हो, माफ करा. तेल वाटायचं नाही. आम्ही अर्थ विचारला होता.”

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, “मंजी तेल न्हाई?”

“न्हाई, आजी.”

“निस्ता अर्थ?”

“हाव. निस्ता अर्थ.”

म्हातारीनं डबा उलटा केला, त्यावर बसली आणि बाजूच्या बाईला म्हणाली, “बघ गं बाई. औंदा पाऊस न्हाई, पानी न्हाई, चारा न्हाई, अन् यांचा अर्थबी सरला.”

आवार हसलं. मला वाटलं होतं, डबे फेकून मारतील. त्याऐवजी एकजण म्हणाली, “आता आलोच हाव तर सांगूनच जाऊ की. इतक्या लांबून उगं यायलाव का?” आणि जी जुंपली ती दुपारपर्यंत. चाकूरकडची म्हणे पाच पानं, औशाकडची म्हणे सात. एकीच्या गावात पहिलं तेल मामी लावायची, एकीच्या गावात मामीला जवळ येऊ देत नसत. नवरदेव पायरीवर बसून चिठ्ठ्या लिहीत होते. कचेरीचा अख्खा माठ त्यांनी त्या बायकांना पाजला, साहेब आत दिवसभर तहानलेले राहिले. एकाच गोष्टीवर सगळ्या एक झाल्या. ती म्हातारीनं सांगितली.

“चढीवलेलं उतरवावं लागतंय, बाबा. न्हाईतर मानसाला सुटका न्हाई.”

नवरदेव लिहायचे थांबले. “अन् दोघांतल्या एकाचंच उतरवलं तर?”

“मंग दुसरं हिंडतंय तसंच,” म्हातारी म्हणाली, आणि त्यांच्या केसांकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. तीही मीच टाइप केली. ‘आपण जिल्ह्याच्या हद्दीबाहेर परिपत्रक का पाठविले, याचा खुलासा करावा.’ त्यांनी खुलासा एका ओळीत दिला: ‘तेल लागलेली बाई कोणत्या जिल्ह्यात आहे हे माहीत नसल्यामुळे.’ साहेबांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता निलंबन. साहेबांनी कागद फाइलला लावला आणि मला विचारलं, “हे खरं आहे?” मी म्हणाले, खरं आहे. त्यांनी निर्णय ‘खुलासा तपासावा’ असा लिहून पुढं ढकलला.

मग महिन्याभरानं नांदेड जिल्ह्यातून एक उत्तर आलं. त्या जिल्ह्यातून आलेलं ते एकुलतं एक. किनवटकडं, इस्लापूरजवळच्या एका वाडीवरच्या शाळामास्तरांनी लिहिलं होतं. तेल किती लागतं हे त्यांनी लिहिलंच नव्हतं. ‘येथील एक वयस्क सुवासिनी लग्नघरी तेल चढविण्यास कधीही बसत नाही. उतरविण्यास मात्र न बोलावता सर्वांच्या आधी हजर असते. कारण विचारले असता सांगत नाही. मूळची देगलूरकडील आहे.’

नवरदेवांनी पत्राची घडी घातली, ड्रॉवरचं कुलूप काढलं, वाटी पिशवीत टाकली आणि माझ्या टेबलाशी आले.

“बाई, तुमचं गाव नांदेड. वाटेत आहे. बरोबर बाईमाणूस असावं, नाहीतर कोणाच्या दारात असं एकटं उभं राहणं बरं दिसत नाही.”

मी रजेचा अर्ज टाइप केला. कारणाच्या रकान्यात त्यांनी मला ‘सरकारी काम’ लिहायला लावलं. विष्णुपुरीला धरणाचं काम चालू होतं, गोदावरीच्या पात्रात नुसती वाळू आणि ट्रक. अडकित्ता त्यांनी वाटभर हातातून सोडला नाही. आमच्या घरी मुक्काम झाला. आईनं त्यांना जेवायला वाढलं, सगळं ऐकून घेतलं आणि मला आत बोलावून म्हणाली, “सोडू नको त्यांना एकट्याला.” सकाळी आम्ही किनवटच्या गाडीत बसलो.

वाडीवर घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर एक म्हातारा बसला होता. आम्हाला पाहून तो घाईनं आत गेला आणि डबा घेऊन बाहेर आला.

“तेलाची गाडी मागून येनार हाय का?”

नवरदेवांनी पिशवीतून वाटी काढली आणि ओट्यावर ठेवली. तेवढ्यात पदराला हात पुसत बाई बाहेर आली. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं आधी वाटी पाहिली आणि मग त्यांना.

“ही वाटी आमच्याकडं आली हुती,” ती म्हणाली.

“हाव.”

ती खाली बसली आणि म्हणाली, “मेंढरं हुती म्हनं ती.”

“हाव. मेंढरंच.”

“आमाला तिसऱ्या मुक्कामाला कळालं. पर माघारी जायची माझ्या बापाला लाज वाटली. मेंढरांना भिऊन पळाला म्हनून लोक हसतील, म्हनाला. हसायला भिऊन भिऊन हितवर आलो बगा.” तिनं वाटी हातात घेतली. “माझं तेल मी सहस्रकुंडाच्या धबधब्याखाली धुतलं. एकटीनंच. पाच जनी कुठनं आनू? दोन वर्सानं बापानं ह्यांना दिली. चार लेकरं झाली. माझं मी उतरीवलं, पर तुमचं कुनी उतरीवलं का न्हाई, ते काय कळायला मार्ग न्हवता. म्हनून कुनाचंबी उतरायचं असलं की मी जाते. तुमचं?”

“तसंच आहे.”

“पस्तीस वरीस?”

“हाव.”

“डोकं हाय का खोकं!” ती ओरडली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

म्हातारा डबा धरून तसाच उभा होता. “काय झालं गं?”

“यांचं तेल उतरायचं ऱ्हायलंय.”

त्यानं डबा खाली ठेवला. “मंग उतरवा की. रडायलाव कशाला?”

वाडीवरच्या बायका सगळ्या दुष्काळी कामावर गेल्या होत्या. ती, तिची सून, आणि शेजारच्या दोघी एवढ्याच सापडल्या. चार झाल्या. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, माझं लग्न झालेलं नाही, आणि आमच्या घरात हे करत नाहीत. ती म्हणाली, “हात हायत न्हवं?” मला आजीची चिठ्ठी आठवली, पाण्याची. मग आईचं बोलणं आठवलं. मी हात धुवायला पाणी मागितलं, तर म्हातारा म्हणाला, “हात कशाला धुवायलाव, पानी जपून.”

त्यांना पाटावर बसवलं. वाटीत दोन चमचे करडईचं तेल. एकेकीनं आंब्याचं पान बुडवून डोक्याला, खांद्याला, गुडघ्याला, पावलाला लावलं. शेवटी मी. त्यांचे केस हाताला कुसळासारखे टोचले. कुठल्या देवाचं नाव कोणी घेतलं नाही, की कसलं गाणं म्हटलं नाही. सहस्रकुंडाला तेव्हा धार नव्हती, खडकाच्या कपारीत साठलेलं पाणी पोरं कळशीनं आणत. म्हाताऱ्यानं त्यातला एक तांब्या मोजून दिला आणि बाकीचं पाणी बैलांसाठी झाकून ठेवलं. त्या एका तांब्यात नवरदेव न्हाले. म्हाताऱ्यानं त्यांना नवा टॉवेल दिला आणि टोपी घातली. निघताना त्यांनी खिशातला अडकित्ता काढून म्हाताऱ्याला देऊन टाकला. वाटी तिनं ठेवून घेतली.

येताना गाडीनं वेस ओलांडली तेव्हा ते झोपले होते.

कचेरीत दुसऱ्या दिवशी शिपायानं त्यांना ओळखलं नाही. तेल लावून चापून बसवलेले केस, त्यांचा चेहराच वेगळा दिसत होता. त्यांनी पेन्शनचा फॉर्म मागितला. ‘विवाहित’ हा शब्द पट्टी धरून खोडला आणि ‘अविवाहित’ राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदा एकच रेघ. मग पुस्तिकेची ओळ लिहिली आणि छापखान्याला पाठवली. मंत्र्यांच्या हस्ते पुस्तिका निघाली तेव्हा कोणीच ती उघडून पाहिली नाही. आजही कुठं मिळाली तर शेवटच्या पानांत बघा: ‘तेलवण. उत्पत्ती अज्ञात. चढविलेले तेल. पाच जणींनी उतरवीपर्यंत राहते.’

ते निवृत्त होऊन गावी गेले. वर्षभरानं त्यांचे कागद पुन्हा माझ्या टेबलावर आले. त्यांनी ‘माझ्यामागे पेन्शन कोणाला’ या रकान्यात इस्लापूरच्या बाईचं नाव घातलं होतं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तेल उतरविणारी’. आक्षेप होता, नाते स्पष्ट करावे. मी साहेबांना दाखवलं. साहेबांनी नुसतं ‘पुस्तिका’ एवढंच म्हटलं. मी शब्द आणि पान यांचा उल्लेख करून उत्तर टाइप केलं, आणि त्यांनी न वाचता सही केली.

पेन्शनच्या कचेरीचं पत्र पंधरा दिवसांत आलं. ‘नाते मान्य. मात्र उक्त प्रकाशनानुसार संख्या पाच असल्याने उर्वरित चार जणींची नावे कळवावीत.’

मी कागद मशीनला लावला. सुनेचं नाव टाइप केलं, मग शेजारच्या दोघींची. चौथ्या ओळीवर माझं स्वतःचं.